मक्याच्या शेंड्यांवरचा नकाशा

डॉ. श्रीधर बोरगावकर सरांची आणि माझी ओळख एका फसवणुकीनं झाली, आणि फसवणूक सरांनीच केली होती.

इंदूरच्या आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात जिन्याखालच्या अंधाऱ्या बोळातून आत गेलं की सरांची प्रयोगशाळा लागे. तिथे मदतनीस म्हणून दोन विद्यार्थी घ्यायचे होते. टेबलावर एक स्टिरिओस्कोप होता, म्हणजे चार पायांच्या घोडीवर बसवलेली दोन भिंगं, आणि त्याखाली एकाच गावाचे विमानातून काढलेले दोन फोटो. डावा डोळा डावा फोटो बघतो, उजवा उजवा, आणि जरा धीर धरला की कागदावरचं गाव उठून उभं राहतं. सर प्रत्येकाला एकच विचारत होते, काय दिसतं? माझ्या आधीचे सगळे छान दिसतंय म्हणून बाहेर पडले होते. मी वाकून बघितलं. डोळ्यांत पाणी आलं, पण गाव उठलं. फक्त देऊळ जमिनीत रुतलेलं होतं आणि विहीर मनोऱ्यासारखी वर आली होती. आपलेच डोळे बिघडले असणार असं वाटून मी घाबरत घाबरत तसं सांगितलं. सरांनी टेबलावर थाप मारली. त्यांनी डावा फोटो उजवीकडे आणि उजवा डावीकडे ठेवला होता. असं केलं की टेकडीचा खड्डा होतो आणि खड्ड्याची टेकडी. माझ्या आधीच्यांना मुळात काही दिसलंच नव्हतं. सर विचारतात तर दिसतंय म्हणावं, या शिष्टाचारानं ते हो म्हणाले होते.

दुसरी निवड हेमंतची झाली. त्यानं काय केलं ते सरांनी मागाहून कौतुकानं सांगितलं. हेमंतलाही गाव उलटं दिसलं. त्यानं एक अक्षर न बोलता फोटोंची अदलाबदल केली, गावाचं सुरेख वर्णन केलं, आणि जाताना फोटो पुन्हा होते तसे उलटे ठेवून दिले. "हा पोरगा कुणाला न दुखवता चूक सुधारतो," असं सर त्याच्याबद्दल म्हणाले. मला बोलण्याबद्दल घेतलं आणि त्याला न बोलण्याबद्दल. सरांना दोन्ही गुण आवडत. त्यांतला कुठला जास्त आवडतो हे समजायला माझं अर्धं आयुष्य गेलं.

सरांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथाच्या समितीचे अध्यक्ष आमचे आजचे प्राचार्य, म्हणजे तेच डॉ. हेमंत, आहेत. लेख मागायला त्यांचाच फोन आला होता. "वंदना, जरा अच्छं अच्छं लिही हं. ती सांवेरवाली बात आणू नकोस, सरांचा फंक्शन आहे," असं ते म्हणाले. मी अच्छं तेही लिहिणार आहे आणि सांवेरचंही लिहिणार आहे. कारण मला ठाऊक आहे की या ग्रंथातल्या निम्म्या लेखांत सांवेरचा प्रसंग येणारच आहे. सरांनी खोट्या नकाशावर सही करायला नकार दिला, इथपर्यंत तो येईल आणि टाळ्या घेऊन थांबेल. पुढचं लिहिणारं माझ्याशिवाय कुणी नाही. छापायचं की नाही ते समितीनं ठरवावं.

आधी सरांचं काम. दोन डोळ्यांना मिळणाऱ्या दोन चित्रांत थोडा फरक असतो, आणि त्या फरकावरूनच आपल्याला खोली कळते. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून बघा म्हणजे पटेल. हाच फरक फोटोंवर मोजून वस्तूची उंची, खोली, आकार काढायचा, याला फोटोग्रामेट्री म्हणतात. देशात हे शास्त्र मुख्यतः नकाशे करणाऱ्यांच्या हातात होतं. सरांनी ते जमिनीवर आणलं. जुन्या समाधी-छत्र्यांच्या घुमटांना कुठे फुगवटा आला आहे, बंद पडलेल्या गिरणीची चिमणी किती कलली आहे, पुलाच्या कमानीतली भेग पावसाळ्याआधी केवढी होती आणि नंतर केवढी झाली, हे सगळं त्यांनी हात न लावता, शिडी न लावता, नुसत्या फोटोंच्या जोड्यांवरून मोजलं. त्यावरचे त्यांचे शोधनिबंध परदेशात वाचले गेले. इंदुरात फारसे वाचले गेले नाहीत, पण त्याचं सरांना दुःख नव्हतं. चिमणी पडली नाही म्हणजे निबंध वाचला गेला, असं ते म्हणत.

मला सगळ्यांत आवडतं ते त्यांचं मुलांच्या पाठीचं काम. काही मुलींचा वयात येताना कणा वाकतो. तो वाढतोय की थांबलाय हे बघायला दर काही महिन्यांनी एक्स-रे काढावे लागत. सरांनी दोन कॅमेऱ्यांची एक दांडी करवून घेतली. इंदुरातल्याच सांवेर रोडच्या एका कारखान्यात लेथजवळ उभं राहून त्यांनी ती आपल्या देखत घडवून घेतली, आणि कारागिरानं दोनदा वैतागून काम टाकलं तरी तिसऱ्यांदा त्याला चहा पाजून बसवलं. त्या दांडीनं एकाच क्षणी दोन फोटो निघत आणि पाठीचा चढउतार केसाइतका बारीक कळे. पण मुली पाठ उघडी करून उभ्या राहायला लाजत, आया दारातून परत जात. तेव्हा सरांनी स्वतःचा शर्ट काढला, पहिला फोटो स्वतःच्या पाठीचा काढवला, आणि त्यावरून निघालेला टेकड्या-दऱ्यांचा नकाशा प्रयोगशाळेच्या दारावर लावला. खाली लिहिलं, "हे बोरगावकर. यापेक्षा वाईट पाठ नसेल तर लाजू नये." मुली तो बघून हसत आणि आत येत. त्यांतल्या कितीतरी जणी आज आपल्या मुलांना घेऊन सरांना भेटायला येतात.

सरांचा एक नेम होता आणि तो आमच्याशिवाय दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेत मी पाहिला नाही. फोटोवर ज्या ठिकाणाची उंची मोजायची, तिथे मोजणाऱ्यानं आधी स्वतः जाऊन उभं राहायचं. फोटोत दगड दिसला म्हणून दगड मानायचा नाही. बसनं जा, ट्रॅक्टरवर बसून जा, पण जा. आम्ही मोजायला बसलो की सर खुर्चीमागे उभे राहून विचारत, "पाय लावून आलीस?" नाही म्हटलं की यंत्राचा दिवा बंद. आणखी एक, शेतांचा फोटो काढायचा तो वैशाखातच. पीक निघालेलं, गवत वाळलेलं, जमीन उघडी. लोक हसायचे की बोरगावकरांचा मुहूर्त लग्नसराईत निघतो. त्या उन्हात फिरून माझ्या नाकाची साल निघायची. पण त्या नेमामुळे आमचे नकाशे कधी चुकले नाहीत, हे मी छातीवर हात ठेवून सांगते.

माया त्यांनी फार केली. माझे वडील गिरणीत कारकून होते आणि गिरणी बंद झाल्यावर घरीच बसून असत. ते आजारी पडले तेव्हा सर रोज संध्याकाळी इस्पितळात येऊन बसत आणि वडिलांशी क्रिकेटबद्दल भांडत. आजाराबद्दल एक शब्द काढत नसत. वडील जाण्याच्या आदल्या दिवशीही ते भांडून हसले होते. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, महिनाभर माझा डबा देत होत्या. मोठं काम संपलं की सर आम्हा सगळ्यांना रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत नेत, आम्हाला भुट्ट्याचा, म्हणजे मक्याच्या कणसाचा, कीस आणि जिलबी खायला घालत आणि स्वतः नुसतं दूध पीत उभे राहत. हे सगळं मला आठवतं. आठवतं म्हणूनच पुढचं कडू लागतं. परक्या माणसाचा इतका राग येत नाही.

सर निवृत्त झाले तरी मानद सल्लागार म्हणून प्रयोगशाळेत येत. हेमंत तेव्हा विभागप्रमुख होते आणि मी अजून मदतनीस म्हणूनच मोजणीचं काम बघत होते. सांवेर तहसिलीतल्या एका गावाजवळ नाल्यावर तलाव बांधायचा होता. गावाचं नाव लिहीत नाही, प्रकरण न्यायालयात आहे. तलाव भरल्यावर पाणी कुठवर येईल, त्याची रेघ आम्हाला काढून द्यायची होती. आम्ही वैशाखात ड्रोन उडवला, फोटोंच्या जोड्या लावल्या, आणि सरांच्या नेमाप्रमाणे ठिकठिकाणी पाय लावून आलो. त्यांतलं एक ठिकाण मांगीलालजींच्या घराचा ओटा होतं. सरांनी ओट्यावर चुन्याची फुली मारली आणि मांगीलालजींच्या बायकोनं, गेंदाबाईंनी, आम्हाला ताक दिलं. नकाशा झाला. रेघ मांगीलालजींच्या घरासकट खालची घरांची सगळी ओळ पाण्यात घेऊन गेली होती. म्हणजे एकतर ती ओळ आधी दुसरीकडे वसवायची किंवा तलावाची पाळ कमी उंचीची करायची. तलाव बांधणाऱ्या खात्याला दोन्ही नको होतं. त्यांनी फेरमोजणी मागितली.

फेरमोजणी हेमंतनी भादव्यात केली. त्यांनी मुद्दाम खोटं केलं असं मी म्हणत नाही. त्यांनी घाई केली, आणि वरच्यांना हवं होतं तेच उत्तर आल्यावर पुन्हा तपासलं नाही. भादव्यात त्या खालच्या शेतांत पुरुषभर उंच मका उभा होता. आताशा मोजणी माणूस करत नाही, संगणक करतो, आणि संगणकाला ड्रोनच्या फोटोत जे वरचं दिसतं तीच जमीन वाटते. दाट मक्याचे शेंडे त्याला सपाट रान वाटले. मधूनमधून घरांची अंगणं खोल दिसत होती, ती त्यानं मोजणीतली चूक समजून बुजवून टाकली. अख्खी ओळ कागदावर माणसाच्या उंचीइतकी वर उचलली गेली आणि पाण्याची रेघ घरांना न शिवता खालूनच निघून गेली.

तो नकाशा सल्लागार म्हणून सरांच्या सहीसाठी आला. सरांनी पडद्यापुढे बसून दोन डोळ्यांना वेगवेगळे फोटो दाखवणारा चष्मा लावला आणि फोटोंच्या जोडीवर ती रेघ ठेवून पाहिली. मग मला हाक मारली. म्हणाले, "ही रेघ कशावर बसली आहे, बघ."

मी बघितलं. मक्याचे तुरे स्पष्ट दिसत होते आणि रेघ त्यांच्यावरून चालली होती.

"शेंड्यांवर, सर."

"आणि अंगणं?"

"बुजवली आहेत."

सरांनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला, आणि सल्लागारपदाचा राजीनामा लिहिला. कारण लिहिलं, प्रकृती. सही केली नाही. हेमंतच्या एकट्याच्या सहीनं नकाशा गेला आणि मंजूर झाला.

इथे इतरांचे लेख संपतील. सरांची निःस्पृहता, सरांचा बाणेदारपणा. मी त्या दिवशी त्यांच्यासमोर उभी होते आणि मलाही आधी अभिमानच वाटला. मग मी विचारलं की सर, आता गावाला कळवायचं ना? सर म्हणाले, "मी सही केली नाही. त्यात सगळं आलं."

त्यात काहीच आलं नव्हतं. न केलेली सही कुणाला दिसत नाही. गावात तर मुळीच दिसत नाही.

मी एकटी गावात गेले. मांगीलालजींना आणि सरपंचांना समजावलं की पाणी ओट्यावर येईल. सरपंच शांतपणे ऐकून म्हणाले की बाईसाहेब, सरकारी नकाशावर मोहर आहे, तुमच्याकडे कुणाची सही आहे? रास्त प्रश्न होता. मी मदतनीस होते, माझ्या सहीला कोण विचारतो. मी परत येऊन सरांकडे फक्त एक पान मागितलं. मक्यावर मोजलं आहे, एवढं एक वाक्य. सरांनी ते दिलं नाही. हेमंतची प्राचार्यपदाची नेमणूक व्हायची होती, आणि मूलबाळ नसलेल्या सरांना तो मुलाच्या ठिकाणी होता. "पोराचं सगळं जाईल गं," असं ते म्हणाले. खालच्या ओळीतल्या पोरांचं काय जाईल ते मी विचारलं, तेव्हा सरांनी काकूंना चहा टाकायला सांगितलं. मी त्या महिन्यातच प्रयोगशाळा सोडली आणि सांवेर रोडला पत्र्याच्या एका शेडमध्ये स्वतःचं मोजणीचं छोटं काम सुरू केलं. कित्येक वर्षं मी सरांच्या दाराची पायरी चढले नाही. सराफ्यात कीसही खाल्ला नाही. मक्याचं काही नको वाटे.

पाणी आलं. पहिले दोन पावसाळे कोरडे गेले आणि सगळ्यांना वाटलं की मी उगाच साप साप म्हणून भुई धोपटत होते. तिसऱ्या वर्षी तलाव पूर्ण भरला आणि पाणी आम्ही वैशाखात काढलेल्या रेघेवर येऊन थांबलं. अगदी तिथेच. माझ्या आयुष्यातली सगळ्यांत अचूक मोजणी ती, आणि मी ती वर्तमानपत्रातल्या फोटोत बघत होते. ओळीतली मातीची घरं बसली. मांगीलालजींच्या घराची भिंत गेंदाबाईंच्या अंगावर पडली. त्या वाचल्या, पण डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. ओळीतली माणसं तेव्हापासून रस्त्याकडेला पत्र्याच्या खोपटांत राहतात. पाऊस अपवादात्मक होता, नकाशा बरोबर होता, असं खात्याचं म्हणणं आहे. ओळीतल्यांनी दुसरी जागा आणि घरं मागायला दावा लावला. त्यांच्या वकिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की मदतनिसाच्या शब्दावर कोर्ट विश्वास ठेवणार नाही, हे सिद्ध करू शकेल असा माणूस एकच आहे.

म्हणून मी सरांकडे गेले. दार काकूंनी उघडलं. "कितने दिन झाले गं. शकल तरी दाखवत जा," म्हणाल्या आणि रडल्या. सर थकले होते. हृदयात स्प्रिंग बसवली होती, गुडघे धरले होते, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि दुसऱ्याचं व्हायचं होतं. म्हणजे दोन डोळ्यांनी जग मोजणारा माणूस तेव्हा एकाच डोळ्यानं बघत होता. मी साक्षीचं बोलले. ते म्हणाले की झालं ते झालं, हेमंत आता प्राचार्य आहे, त्याच्या मुलीचं लग्न ठरलं आहे, या वयात मला हे नको. मी भांडायला गेले नव्हते, पण भांडले. तुम्ही स्वतः नामानिराळे राहिलात आणि लोकांना पाण्यात राहू दिलंत, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणाले. काकू आतून बाहेर आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. निघताना मी एवढंच म्हटलं, "साक्ष देऊ नका. पण त्या ओट्यावर एकदा पाय लावून या."

काही दिवसांनी काकूंचा फोन आला की हे गाडी मागव म्हणतायत.

आम्ही गेलो तेव्हा उन्हाळा होता आणि तलाव आटला होता. खालची ओळ उघडी पडली होती. भिंती नव्हत्या, पण मांगीलालजींचा ओटा शाबूत होता. चुन्याची फुली कधीच धुऊन गेली होती. सर माझा हात धरून चालत गेले, चपला काढल्या आणि ओट्यावर उभे राहिले. मग आम्ही रस्त्यावरच्या खोपटात गेलो. मांगीलालजींनी सरांना लगेच ओळखलं.

"साब, आप तो पेले भी आए थे। छाछ पी थी हमारे यहाँ," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. मग त्यांनी विचारलं, "तब पता था आपको?"

मी खाली बघत होते. सरांना इथेही प्रकृतीचं कारण सांगता आलं असतं. मांगीलालजींनी ते मानलंही असतं.

"हाँ भिया," सर म्हणाले. "पता था।"

खाटेवर गेंदाबाई बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तो बोले क्यूँ नी?"

सर गेंदाबाईंच्या खाटेशी जमिनीवर बसले आणि बसूनच राहिले. कुणी त्यांना उठा म्हटलं नाही, माफ केलं असंही कुणी म्हटलं नाही. थोड्या वेळानं मांगीलालजी म्हणाले की इथे बोललात ते तिथे कचेरीत बोला, आम्हाला तेवढं पुरे. ताक या वेळी कुणी दिलं नाही.

सरांनी शपथपत्र दिलं आहे. वैशाखातला नकाशा, फोटोंच्या जोड्या, मका, बुजवलेली अंगणं, सगळं त्यात आहे. राजीनाम्यात प्रकृतीचं कारण लिहिलं ते खोटं होतं, हेही त्यांनी स्वतःहून घातलं आहे. वकील म्हणत होते की हे गाळू या, उलटतपासणीत यावरच धरतील. सरांनी गाळू दिलं नाही. माझ्या लेखी सरांचा गौरव कशात असेल तर त्या एका ओळीत आहे. पण ती ओळ फार उशिरा आली. वेळेवर आली असती तर गेंदाबाई आज आपल्या पायांनी चालत विहिरीवर गेल्या असत्या. मला सरांबद्दल आदर आहे आणि राग आहे. दोन्ही मी सारख्याच खरेपणानं इथे मांडते आहे. एकानं दुसरा फिटत नाही.

हेमंतना शपथपत्र मिळालेलं आहे. त्यानंतर दोनच महिन्यांत ही गौरव समिती स्थापन झाली. हे प्रेमानं झालं की साक्ष जरा मवाळ व्हावी म्हणून झालं, मला माहीत नाही. बहुधा दोन्ही असेल. समारंभात ते सरांच्या खांद्यावर शाल घालतील, सर त्यांच्या पाठीवरून हात फिरवतील, आणि तो हात खराच असेल. सर अजूनही त्यांचा फोन आला की उठून उभे राहतात. हे बघून मला पूर्वी चीड यायची. आता ते गुडघे धरून उठतात ते बघून भीती वाटते.

भीतीचं कारण सांगते आणि थांबते. शपथपत्र दिलं म्हणजे साक्ष झाली असं नसतं. समोरच्या वकिलाला साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी लागते. ती होण्याआधी साक्षीदारच राहिला नाही, तर त्या कागदाला फारसं वजन उरत नाही. समोरच्यांना हे ठाऊक आहे. त्यांचे वकील कधी आजारी असतात, कधी कागद सापडत नाहीत, कधी साहेब बदललेले असतात. तारखेवर तारीख पडते आहे. प्रत्येक तारखेला सर इस्त्रीचा सदरा घालून येतात, बाकावर बसतात, आणि संध्याकाळी काकूंच्या हाताला धरून रिक्षात चढतात. दर वेळी त्यांना चढायला थोडं जास्त कष्ट पडतात.

अमृतमहोत्सवाच्या ग्रंथात शेवटी दीर्घायुष्य चिंतायचं असतं. या ग्रंथात पुष्कळांनी ते चिंतलं असेल. पण सरांच्या आयुष्यासाठी आज सगळ्यांत मनापासून देवाला साकडं कुणी घातलं असेल तर ते गेंदाबाईंनी. त्यांनी सरांसाठी सोमवार धरले आहेत. दर आठवड्याला त्यांचा मला फोन येतो. दाव्याचं काय झालं, तारीख कधीची आहे, असलं काही त्या विचारत नाहीत. एकच विचारतात, "बाई, साब की तबियत तो अच्छी है नी?"

मी अच्छी आहे म्हणून सांगते. सर, मला खोटं पाडू नका.